मॉरिशसची दक्षिण फेरी उलटी फिरा : हनिमूनमधल्या एका दिवसाचा सविस्तर आराखडा

मॉरिशसचं कुठलंही हनिमून पॅकेज उघडा, त्यात ‘साउथ टूर’ नावाचा एक दिवस असतोच. सकाळी नऊला बस येते. मग क्युरपिपचं ज्वालामुखीचं विवर, जहाजांच्या लाकडी प्रतिकृतींचं दुकान, गंगा तलाव, जंगलातला व्ह्यू पॉइंट, शामारेलचा धबधबा आणि सात रंगांची माती, आणि संध्याकाळी परत हॉटेलवर. आम्हीही आधी तसेच गेलो. दुकानात पन्नास मिनिटं आणि सात रंगांच्या मातीपाशी वीस, असा हिशेब झाला. तिथे पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता, डोक्यावर ऊन, समोर सहा बसची माणसं, आणि सात रंगांपैकी आम्हाला दिसले जेमतेम तीन. बायको म्हणाली, “फोटोत बरे दिसत होते.” तीन दिवसांनी आम्ही स्वतः गाडी केली आणि तीच फेरी उलट्या दिशेने मारली. आधी शामारेल, शेवटी ल मॉर्नचा किनारा. बेट तेच, दिवस मात्र पार वेगळा. तो कसा आखायचा, ते पुढे टप्प्याटप्प्याने लिहितो.

आराखडा धरला आहे फ्लिक-ऑं-फ्लाक किंवा तामारँ, म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरच्या हॉटेलातून निघणाऱ्यांसाठी. उत्तरेला ग्रां-बेला किंवा पूर्वेला बेल-मारला उतरला असाल तर काय बदलायचं, ते शेवटी आहे.

आधी ऋतू आणि वार

नाशिक विषुववृत्ताच्या जितकं वर आहे, मॉरिशस जवळपास तितकंच खाली आहे. त्यामुळे ऋतू उलटे. आपल्याकडे मे महिन्यात लग्न करून घामाघूम होऊन तिथे उतरलात, तर हवा आल्हाददायक, पाऊस कमी, डोंगरावर चक्क स्वेटर. मे ते ऑक्टोबर हा फिरायला उत्तम काळ. नोव्हेंबर-डिसेंबरच्या लग्नसराईतले जोडपे जाणार असेल तर उकाडा आणि मधूनमधून जोरदार सरी गृहीत धराव्यात. जानेवारी ते मार्च हे चक्रीवादळांचे महिने. वादळ दर वेळी बेटावर येतंच असं नाही, पण इशारा लागला तर ‘आम्ही लांबून आलोय’ हे कोणी ऐकत नाही. इशाऱ्याला वर्ग असतात, आणि तिसरा वर्ग लागला की सगळे घरात.

दिवस मोठा की लहान, हेही बघा. जूनमध्ये सूर्य पावणेसहाच्या सुमाराला बुडतो, डिसेंबरमध्ये सातच्या जरा आधी. म्हणजे जूनमध्ये गेलात तर खालच्या वेळापत्रकातून एक थांबा गाळावा लागेल. कुठला, ते ओघात सांगतो.

वार शक्यतो मंगळवार ते शुक्रवार. रविवारी तिथली सगळी कुटुंबं किनाऱ्यावर जेवायला येतात. मोठाली पातेली, सुरूच्या सावलीत चटया, कुठेतरी रावान नावाचा डफ वाजतोय आणि आज्जीबाई सेगावर, म्हणजे तिथल्या नाचगाण्यावर, ताल धरतायत. बघायला फार गोड, पण गाडी लावायला जागा मिळत नाही. महाशिवरात्रीच्या आसपासचे चार-पाच दिवस मात्र ही फेरी करूच नका. लाखो माणसं कावडी घेऊन गंगा तलावाकडे पायी चालत असतात. ते बघायचं असेल तर त्यासाठीच जावं, सहलीच्या मध्ये घुसवू नये.

गाडी स्वतः की चालकासह?

तिथे आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालवतात, स्टिअरिंग उजवीकडे. आपल्याकडच्या घाटात गाडी चालवली असेल तर अवघड काहीच नाही. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून मूळ परवान्यासोबत न्या. दोन गोष्टी जपा. रस्त्यावर वेगाचे कॅमेरे आहेत. आणि ऊस डोक्यावर गेला असेल तेव्हा वळणावर समोरचं काही म्हणजे काही दिसत नाही.

चालकासह टॅक्सी घेतली तर दोघांनाही खिडकीबाहेर बघता येतं, आणि नकाशावरून पहिलं भांडणही टळतं. हनिमूनला मी हाच सल्ला देईन. पण टॅक्सीवाला मीटर टाकत नाही, भाव आधीच ठरतो. ठरवताना तीन वाक्यं स्पष्ट बोला : थांबे कुठले आणि कोणत्या क्रमाने, सूर्यास्तापर्यंत थांबायचं आहे, आणि एकही दुकान नको. हे शेवटचं हसून पण दोनदा सांगा. जहाजांच्या प्रतिकृती सुंदर असतात, हवी असेल तर मुद्दाम वेगळ्या दिवशी जाऊन घ्या.

एकूण अंतर साधारण 140 किलोमीटर. ऐकायला कमी वाटतं, पण रस्ते अरुंद आणि नागमोडी आहेत, आणि मध्ये गावं लागतात. पुण्याहून महाबळेश्वरला जाताना जो वेग पडतो, तोच धरा.

आदल्या रात्रीची पिशवी

दोघांना एकेक पातळ जाकीट किंवा विंडचीटर. किनाऱ्यावर तीस अंश असलं तरी गंगा तलाव समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर आहे आणि तिथे भुरभुर पाऊस केव्हाही येतो. गुडघे झाकणारे कपडे किंवा कमरेला गुंडाळायला एक पारेओ, म्हणजे तिथली रंगीत लुंगीच. पाण्यात घालायचे रबरी बूट, कारण खडकाळ तळाशी दगडासारखा दिसणारा विषारी मासा असतो आणि अनवाणी पाय पडला तर सहलीची वाट लागते. सुटे पैसे हवेत. मॉरिशसचा एक रुपया म्हणजे आपले दोन रुपयांच्या आतबाहेर. रस्त्यावरचा अननसवाला कार्ड घेत नाही. जंगलात मोबाइलची रेंज जाते, म्हणून नकाशा हॉटेलच्या वायफायवर उतरवून ठेवा. आणि गाडी लागत असेल तर आल्याच्या वड्या, कारण पहिल्याच तासात घाट आहे.

नव्या नवरीसाठी एक वेगळी सूचना, जी कुठल्याच माहितीपत्रकात नसते. अंगठ्या आणि नाजूक मंगळसूत्र हॉटेलच्या तिजोरीत ठेवा. थंड पाण्यात बोटं आक्रसतात आणि नवी अंगठी अलगद निसटते. पांढऱ्या वाळूत ती सापडत नाही. हिरवा चुडा उतरवायचा नसेल तर राहू द्या, पण मग खडकांवर चढताना हात टेकताना सांभाळा.

सव्वासात : निघा

हॉटेलचा नाश्ता सोडवत नसेल तर साडेसहाला उघडतो का विचारा, किंवा डबा बांधून मागा. बहुतेक ठिकाणी देतात. तामारँच्या पुढे रस्ता किनाऱ्याने दक्षिणेकडे जातो, उजवीकडे मधूनमधून समुद्र, डावीकडे डोंगर. काझ-नॉयाल गावात चर्चपाशी डावीकडे वळलं की घाट सुरू. चढ खडा आहे, वळणं आवळलेली. आपल्या आंबोलीची आठवण यावी, फक्त धबधब्याखाली नाचणारी मंडळी नाहीत. अर्ध्या चढावर मागे वळून पाहिलं की खाली खाडीतलं फिकट निळं पाणी, बेनितिए बेट आणि त्या पलीकडे ल मॉर्नचा सुटा डोंगर. संध्याकाळी तुम्ही त्याच्याच पायथ्याशी असणार आहात.

साडेआठ : शामारेल, आणि इथे घाई नको

उघडण्याच्या वेळेला फाटकापाशी असायचं, हेच या अख्ख्या दिवसाचं गमक आहे. हॉटेलात आदल्या दिवशी वेळ आणि तिकीट विचारून घ्या, दर बदलत राहतात. एकाच तिकिटात धबधबा आणि सात रंगांची माती दोन्ही येतात, आणि आतपर्यंत गाडी जाते.

रस्त्यात आधी धबधबा लागतो. बसवाले तिथेच आधी थांबतात. तुम्ही थांबू नका. सरळ पुढे मातीपाशी जा, आणि परतताना धबधबा बघा. कारण ऊन. सूर्य तिरका असेल तोवर मातीच्या लाटांवर सावल्या पडतात आणि तांबडा, तपकिरी, जांभळा, निळसर, पिवळा असे पट्टे वेगळे उठून दिसतात. सूर्य डोक्यावर आला की सगळं मिळून एक गुलाबी-तपकिरी ढिगारा. आमचं पहिल्या खेपेला हेच झालं होतं.

हे रंग आले कुठून? मॉरिशस बेट मुळात ज्वालामुखीचं, खडक बसाल्टचा. उष्ण कटिबंधातल्या पावसाने हजारो वर्षं हा खडक कुजवला, विरघळणारं सगळं वाहून गेलं आणि मागे उरली लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडची चिकणमाती. लोहाने लाल-तपकिरी छटा दिल्या, ॲल्युमिनियमने निळ्या-जांभळ्या. कोकणातल्या माणसाने हे वाचून मान डोलवावी, कारण आपला जांभाही याच तऱ्हेने बसाल्टपासून तयार होतो. घराच्या भिंतीला जो दगड लावतो त्याच्या चुलतभावाला बघायला आपण तिकीट काढतो आहोत, हे मी बायकोला तिथेच सांगितलं. तिने दुर्लक्ष केलं.

मातीवर चालता येत नाही, लाकडी कठड्याबाहेरून गोल फिरायचं. पूर्ण फेरी मारा, कारण सगळ्यांची गर्दी पहिल्या कोपऱ्यात असते आणि रंग मागच्या बाजूने जास्त खुलतात. शेजारी कुंपणात मोठाली कासवं आहेत, सेशेल्सच्या अल्दाब्रा जातीची. मॉरिशसची स्वतःची राक्षसी कासवं माणसांनी डोडोसारखीच संपवली. ही पाहुणी मंडळी त्यांच्या जागी.

मग धबधबा. साधारण शंभर मीटर उंचीवरून पाणी सरळ एका हिरव्या खोलगटात पडतं. पाहायच्या जागा दोन, खालची आणि वरची. पायऱ्या फार नाहीत, वरून नीट दिसतो. सगळं मिळून दीड तास लागतो. दहाच्या सुमाराला बाहेर पडताना समोरून बसची रांग आत येताना दिसली, तर हळूच हात हलवावा.

शामारेलमध्ये थोडी कॉफी पिकते. गावात कप प्यायला थांबा, पण रमच्या कारखान्याचा मोह या दिवशी आवरा. उसाच्या रसापासून रम काढतात आणि चाखायला देतात, छान आहे, पण दीड-दोन तास जातात आणि पुढे गाडी चालवायची आहे.

साडेदहा : जंगलातला कडा

शामारेलहून रस्ता पठारावर चढतो आणि ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने जातो. 1994 साली जाहीर झालेलं हे उद्यान साधारण 67 चौरस किलोमीटरचं आहे, आणि बेटावर उरलेलं मूळचं जंगल बरंचसं इथेच आहे. रस्त्याला लागूनच व्ह्यू पॉइंट आहे. खाली दरी, पलीकडे समुद्र. दुपारी इथे ढग भरतात, म्हणून हा थांबा सकाळचा. आकाशात लांब शेपटीचा पांढरा पक्षी दरीवर घिरट्या घालताना दिसला तर थोडं थांबा. समुद्रपक्षी आहे, पण घरटं कड्यांत करतो.

माकडांना काही देऊ नका, आणि हातात केळी तर मुळीच धरू नका. मार्च ते जुलैच्या दरम्यान गेलात तर रस्त्याकडेला चिमुकले लाल आंबट-गोड पेरू विकत मिळतील. तिखटमीठ लावून देतात. ते झाड बाहेरून आलेलं आणि जंगलाला डोईजड झालेलं, तेव्हा मनसोक्त खा, तेवढीच सेवा.

थोडं पुढे अलेक्झांड्रा धबधबा. शामारेल बघून झाल्यावर हा किरकोळ वाटतो. वेळ असेल तर दहा मिनिटं, नसेल तर सोडा.

साडेअकरा : गंगा तलाव

रस्ता रुंद होतो आणि एकदम समोर महादेव उभा राहतो. मंगल महादेवाची ही मूर्ती 33 मीटर, म्हणजे 108 फूट उंच, 2007 साली उभी केलेली. वडोदऱ्याच्या सूरसागर तलावातल्या शंकराच्या मूर्तीवरून ती घडवली आहे. गायकवाडांच्या गावाची खूण हिंदी महासागरात अशी अचानक भेटते. समोरच्या बाजूला तितकीच उंच दुर्गा आहे, ती 2017 सालची.

बसवाले मूर्तींपाशी फोटो काढून परततात. मूर्ती बघा, पण तिथेच थांबू नका. अर्धा किलोमीटर पुढे खरा तलाव आहे. ज्वालामुखीच्या विवरात साठलेलं पाणी, भोवती झाडी, काठावर देवळं. पूर्वी याला परी तलाव म्हणत. 1897 च्या सुमारास उत्तरेतल्या त्रिओले गावच्या एका पुजाऱ्याला स्वप्नात हे पाणी गंगेशी जोडलेलं दिसलं, अशी आख्यायिका आहे, आणि त्यानंतर लोक शिवरात्रीला इथे चालत येऊ लागले. 1972 मध्ये गोमुखाहून गंगाजल आणून यात मिसळलं. तेव्हापासून हा गंगा तलाव.

लग्नानंतर जोडीने देवदर्शन राहिलं असेल, किंवा कुलदैवताला जाऊन आल्यावरही हात जोडावेसे वाटले, तर ही जागा. तिकीट नाही, रांग नाही. चपला काढून जा, फरशी ओली आणि गार असते. पुजारी विचारतील कुठून आलात. महाराष्ट्र म्हटलं की बहुतेक वेळा पुढचं वाक्य येतं, “इथेही मराठी आहेत.” आणि आहेतच. 1834 पासून ऊसमळ्यांवर करारावर मजूर आणले गेले, त्यांत रत्नागिरी-सावंतवाडीकडची माणसंही होती. सगळ्यांत जास्त बिहारची, पण मराठी वस्तीही टिकली, विशेषतः पश्चिमेच्या ब्लॅक रिव्हर भागात, कॅस्कावेलसारख्या गावांत. तुम्ही सकाळी त्याच भागातून आलात. 1896 साली हेन्रिएट्टा गावात पहिला गणपती बसला असं सांगतात. आज गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सुट्टी असते. कोकणातलं जाखडी नृत्य तिथे ‘झाकरी’ नावाने नाचतात. आडनावं मात्र चमत्कारिक वाटतात, कारण बोटीतून उतरलेल्या माणसाचं पहिलं नावच पुढे घराण्याचं आडनाव झालं. आपल्या पणजोबांचं ‘बाबाजी’ हे नाव आडनाव म्हणून लावणारी व्यक्ती भेटली तर अवघडू नका. मराठीत बोलून बघा. उत्तर कदाचित क्रिओलमध्ये, म्हणजे तिथल्या रोजच्या बोलीत, येईल, पण चेहरा उजळतो.

तलावात पोहायचं नाही. प्रसादाची केळी हातात उघडी ठेवायची नाहीत, इथली माकडं घाटातल्यांपेक्षा बेरकी आहेत. हवा स्वच्छ असेल आणि दम असेल तर शेजारच्या टेकडीवरच्या मारुतीला पायऱ्या चढून जा. वरून तलाव ताटलीसारखा दिसतो. धुकं असेल तर खालीच बसा. धुक्यात घंटेचा आवाज ऐकत बसणं हेही कमी नाही.

सव्वा वाजता : जेवण

इथून वीस-पंचवीस मिनिटांवर बोआ-शेरी आहे, 1892 पासूनचा चहाचा मळा. कारखाना बघून तळ्याकाठी चहा चाखता येतो. व्हॅनिलाचा चहा तिथली खासियत आहे. माझ्या मते दुधात तो बिघडतो, कोराच प्या. रविवारी कारखाना बंद असतो. जूनमधला लहान दिवस असेल तर गाळायचा थांबा तो हाच.

मळ्यावरच्या उपाहारगृहात नीट जेवता येतं, पण मी एकदा तरी रस्त्यावर खा म्हणेन. ‘ढोल पुरी’ म्हणजे आपल्या पुरणपोळीची बिनगुळाची बहीण. पिवळी डाळ शिजवून वाटून आत भरलेली मऊ पातळ पोळी, त्यात मोठ्या पावट्यांची आमटी, टोमॅटोचा रुगाय, म्हणजे घट्ट रस्सा, आणि मिरचीची चटणी गुंडाळून देतात. नेहमी जोडीनेच विकतात, एकाला दोन. चटणीला तिथे ‘सातिनी’च म्हणतात आणि पराठ्याला ‘फराटा’. ‘गातो पिमाँ’ ही डाळीची तिखट भजी. दुपारी उशिरा गाडे उठतात, म्हणून दिसला गाडा की घ्या, जेवणाची वेळ बघत बसू नका.

शाकाहारी असाल तर ‘सां लाव्यान, सां पवासों’ एवढं क्रिओल पाठ करा. मांस नको, मासे नकोत. अंडं चालत नसेल तर ‘सां दिझेफ’ जोडा. तळलेल्या शेवयांत अंडं जवळपास असतंच, आणि ‘व्हेज’ म्हटल्यावर मासे चालतात असं समजणारे तिथेही आहेत. वर ‘पा त्रो पिमाँ’, म्हणजे फार मिरची नको. कोल्हापूरकरांनी हे वाक्य गाळावं.

पावणेतीन : ग्री-ग्री

सूयाक गावाच्या टोकाला. मॉरिशसभोवती जवळपास सगळीकडे प्रवाळांची कड आहे, लाटा लांबच फुटतात आणि किनाऱ्यावर पाणी तळ्यासारखं शांत. इथे ती कड तुटली आहे. लाटा थेट काळ्या कड्यांवर आदळतात. चार दिवस फिरोज्या रंगाचं गोड-गोड पाणी बघून झाल्यावर हा समुद्र बघणं गरजेचं आहे. आपला समुद्र आहे हा, दापोली-गुहागरचा, श्रावणातला. पोहायचं अजिबात नाही, पाटी आहे आणि ती खरी आहे. कड्यावरून दहा मिनिटं चालत गेलं की ‘रडणारा खडक’ लागतो, लाटेचं पाणी त्याच्या भेगांतून गळत राहतं. काठाच्या टोकावर पाठ समुद्राकडे करून फोटो काढू नका. पावसानंतर गवत निसरडं असतं.

साडेतीन ते पाच : किनाऱ्याचा रस्ता

सूयाकहून ल मॉर्नपर्यंतचा दक्षिण किनारा सुमारे पस्तीस किलोमीटर, आणि बसची सहल नेमकी हाच रस्ता चुकवते. ऊस, लहान गावं, शाळा सुटलेली मुलं, घरांपुढे लाल झेंड्यांची मारुतीची ठाणी. बेल-ओम्ब्र गेलं की बे-द्यु-कापची खाडी येते. इथे इंग्रज दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्सचं स्मारक आहे. 1803 मध्ये मोडकं जहाज दुरुस्त करायला तो या किनाऱ्याला लागला, आणि त्या वेळच्या फ्रेंच गव्हर्नरने त्याला हेर ठरवून बेटावर अडकवलं ते थेट 1810 पर्यंत. मायदेशी त्याची नवी बायको वाट बघत होती. लग्नाला जेमतेम तीन महिने झाले होते तेव्हा तो घरून निघाला होता. हनिमूनला आलेल्यांनी इथे दोन मिनिटं गाडी थांबवावी, असं मला वाटतं.

जवळच माकोंदचा खडक, रस्ता त्याला वळसा घालून जातो. पायऱ्यांनी वर चढलं की वळणदार रस्ता आणि खाडी एकत्र दिसते. गाडी वळणावर लावू नका, थोडी पुढे जागा आहे.

मध्येच अननसवाला भेटेल. सोलून, नक्षी कापून, चिंच-मिरची-मीठ लावून पिशवीत देतो. घ्याच.

पाच : ल मॉर्न, सूर्य बुडेपर्यंत

ल मॉर्नचा सार्वजनिक किनारा पश्चिमेला आहे. हॉटेलांच्या फाटकांवरून पुढे जात राहा, सुरूची झाडं आणि गाड्यांची जागा दिसली की पोचलात. मॉरिशसमधले किनारे सार्वजनिक असतात, भरतीच्या रेषेपर्यंत कोणी अडवू शकत नाही. हॉटेलची खुर्ची मात्र हॉटेलचीच.

इथे पाणी उथळ आणि निवांत आहे, दिवसातली पोहण्याची जागा हीच. वारा असेल तर दक्षिणेच्या टोकाकडे पतंग लावून लाटांवर उडणारे दिसतील, त्यांच्या वाटेतून दूर राहा. पोवळ्यांचे तुकडे उचलून आणू नका, तिथे बंदी आहे आणि विमानतळावर लाज जाते.

‘समुद्राखालचा धबधबा’ कुठे, असं इथे प्रत्येक जोडपं विचारतं. तो किनाऱ्यावरून दिसत नाही. तळावरची वाळू उथळ कपारीवरून खोल पाण्यात घसरते आणि वरून बघताना पाणी कोसळतंय असा भास होतो. वरून म्हणजे हेलिकॉप्टरमधून. जो टॅक्सीवाला ‘दाखवतो’ म्हणेल, त्याला विचारा, उडतोस का.

मग पाठ समुद्राकडे करा. मागे 556 मीटरचा काळा कडा उभा आहे, आणि मावळतीचं ऊन थेट त्याच्या तोंडावर पडून तो तांबूस होतो. सूर्यास्त बघायला आलेले सगळे समुद्राकडे बघत असतात आणि खरा देखावा मागे चालू असतो. मळ्यांवरून पळालेले गुलाम याच डोंगरावर लपून राहत. 1835 मध्ये गुलामगिरी संपल्याची बातमी द्यायला शिपाई वर चढले, ते पकडायलाच आले असं समजून लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, असं सांगतात. 2008 पासून हा डोंगर जागतिक वारशात आहे. पायथ्याशी गुलामांच्या आठवणीचं शिल्पांगण आहे, अंधार पडायच्या आत दहा मिनिटं तिथे फिरून या. डोंगर चढायचा असेल तर वेगळा दिवस, पहाटे, वाटाड्यासह.

सूर्य बुडाला की लगेच गाडी काढू नका. सगळे तेव्हाच निघतात. वीस मिनिटं थांबा. आकाशाचे चांगले रंग त्यानंतरच येतात, आणि रस्ताही मोकळा होतो. फ्लिक-ऑं-फ्लाकला पोचायला पाऊण ते एक तास. अंधारात गावांमधून पायी चालणारी माणसं आणि कुत्री असतात, हळू चालवा.

उत्तरेला किंवा पूर्वेला उतरला असाल तर

ग्रां-बेहून शामारेलला दीड तास, आणि राजधानी पोर्ट लुईची सकाळची कोंडी लागली तर दोन. साडेसहाच्या आत पोर्ट लुई ओलांडा. ते जमणार नसेल तर क्रम बदला. आधी गंगा तलाव, मग जंगल, शामारेल दुपारी चारच्या सुमाराला, ऊन पुन्हा तिरकं झाल्यावर, आणि तिथून खाली उतरून थेट ल मॉर्न. ग्री-ग्री गाळावं लागेल. फाटक बंद व्हायची वेळ मात्र आधी विचारून ठेवा. बेल-मारवाल्यांनी मुळात एक रात्र पश्चिमेला काढावी, खर्च होतो पण चार तास वाचतात.

सकाळी उठलात आणि डोंगरावर काळं दिसलं, तर लगेच फेरी रद्द करू नका. पठारावर पाऊस असताना पश्चिम किनारा बऱ्याचदा कोरडा असतो. हॉटेलच्या माणसाला शामारेलला फोन करून विचारायला सांगा. तिथे धो-धो असेल तर दिवस उद्यावर ढकला. म्हणूनच ही फेरी सहलीच्या शेवटच्या दिवशी ठेवायची नाही, दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी ठेवायची. क्युरपिपचं विवर राहिलं याची रुखरुख लागली, तर विमानतळावर जाताना वाट थोडी वाकडी करा, अर्ध्या तासात बघून होतं.